मामा, पाईप खाली ठेवा

मामा,

शीर्षकातले चारही शब्द माझे आहेत. ते मी तुम्हाला दुपारच्या उन्हात, सगळ्या वसाहतीदेखत, वर्गातल्या मुलाला दरडावावे तशा आवाजात ऐकवले होते. तुम्ही पाईप खाली ठेवलात, ओले हात धोतराला पुसलेत आणि म्हणालात, "बाई, तुमची वही बरोबर हाय." त्यानंतर तुम्ही त्या पाईपला कधी हात लावला नाही.

तुम्हाला जाऊन आज पंधरा दिवस झाले. परवा तुमची शोकसभा झाली. त्या सभेत मी काय बोलले आणि काय बोलले नाही, याचा जाब मला तुम्हालाच द्यायचा आहे. क्रमाने सांगते. तुम्ही हसून म्हणाल, "बाईंना क्रमाबिगर घास बी गिळवत नाय." म्हणा. निदान यावेळी तरी मी क्रम सोडणार नाही.

तुमच्या दहाव्याला आम्ही आठ-दहाजण क्रूझरने पैठणला निघालो. बिडकीन मागे पडले. तुम्ही ज्या माळांवर मेंढरे चारलीत, तिथे आता रुंद रस्ते आहेत, दिव्यांचे खांब आहेत आणि कुंपणाच्या तारांत अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आहेत. गाडीत सगळे तुमच्याविषयी चांगलेच बोलत होते. मग आपल्या समितीचे अध्यक्ष सुधाकरराव खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "माणूस सोन्यासारखा. ते पाण्याचं तेवढं एक सोडलं, तर."

पाण्याचे कोणते, असे कोणी विचारले नाही. अकरा वर्षे झाली तरी विचारावे लागले नाही.

तुमची सून सुमन मागच्या बाकावर बसली होती. घाटावर सगळे विधी आटोपल्यावर ती माझ्याजवळ आली. रडून तिचे डोळे सुजले होते, पण आवाज कोरडा होता. "बाई, लोकं म्हणतेत ते खरं हाय का? मामांजींनी पाणी इकलं व्हतं? तुमच्या वहीत असंल की."

मामा, मी चौतीस वर्षे गणित शिकवले. एखाद्या प्रश्नाचे उत्तर माहीत असूनही ते देता येत नाही, अशी वेळ माझ्यावर क्वचितच आली आहे. मी म्हणाले, "शोकसभेत सांगते." एवढे बोलून मी स्वतःसाठी काही दिवसांची मुदत घेतली. मुदत मागणाऱ्या मुलांचा मला नेहमी राग येत असे.

आता मागे जाते.

तुम्ही आपल्या वसाहतीत आलात ते एका अर्धवट इमारतीचे राखणदार म्हणून. छावणीच्या बाजारात शेवटची मेंढरे विकून आला होतात. सामानात एक पत्र्याची पेटी, एक घोंगडे आणि टेम्पोतून चौघांनी उतरवलेली एक दगडी डोण. गावाकडे तिच्यात मेंढरे पाणी पीत. समोरच्या मुलांनी चेष्टा केली, "मामा, डोण आणली, मेंढरं कुटं हायत?" तुम्ही शांतपणे डोण नाल्याच्या बाजूला, गल्लीच्या टोकाला ठेवलीत. "येतील की," म्हणालात. "तहान लागली की येतील." आणि खरेच, मोकाट गायी आल्या, कुत्री आली, कुंभाराची गाढवे आली. ती पाणी प्यायला लागली की तुम्ही हलकी, सलग शीळ घालत असा. मी विचारले होते, "शीळ कशाला?" तुम्ही म्हणालात, "शीळ आयकली की जनावर घाबरत नाय. पोटभर पितं."

पुढे दुष्काळाची वर्षे आली. आपली वसाहत गुंठेवारीची, बिनमंजुरीची. नळ नव्हते, आणि हापशाला तर उन्हाळ्याआधीच हवा येऊ लागली होती. शहर मात्र थांबत नव्हते. आपल्याही मागे दोन नव्या वसाहती उभ्या राहिल्या आणि तिन्ही वसाहतींना मिळून एक टँकर मिळू लागला. चार दिवसांनी येणार, कधी पाचव्या. टँकर दिसला की बायका, पुरुष पाईप घेऊन धावत. एकदा टँकरच्या तोंडावर चढलेल्या दोघांची डोकी फुटली. त्या संध्याकाळी मी माझ्या शाळेतली दोनशे पानी वही काढली.

वहीत चाळीस घरे होती. मुख्य रस्त्याकडचे पहिले, नाल्याकडचे चाळिसावे. क्रमाने प्रत्येकाला एक टिपाड, म्हणजे एक पिंप. भरले की बरोबरची खूण. शेवटच्या घरांचे अर्धवट राहिले तर लाल खूण आणि पुढच्या खेपेला भरपाई. पाईप धरायला निःपक्षपाती माणूस हवा होता. सगळ्यांनी तुमचे नाव घेतले. मीही घेतले.

पहिले काही दिवस तुम्ही माझ्या क्रमाने चाललात. पण दर खेपेला एक वाद घालत असा, आणि मला तो वाद आवडतही असे.

"बाई, ह्ये टिपाड भरलं. पर त्या घरात दोन माणसं. त्या तिकडं नऊ."

"मामा, घर हे एकक धरले आहे. माणसे मोजायला लागलो तर रोज भांडण होईल."

"मोजल्यानं सारखं व्हतं, बाई. पुरतं का?"

"सर्वांना सारखे मिळणे यालाच न्याय म्हणतात."

"आन् मेंढरात काय म्हणतेत, सांगू का?" तुम्ही पाईपावर पाय ठेवून उभे होतात. "डोणीवर धडधाकट मेंढरू पयलं धावतं. त्येला आडवायचं. अधू मेंढी, नुकती व्यालेली मेंढी आधी पाजायची. पर एकटी न्हाय हां. तिच्यासंगं चार-सहा चांगली मेंढरं घालायची."

"ती कशाला?"

"लांडगा माळावरनं बघत आसतो, बाई. एकटी म्होरं काढली, की त्येला कळतं, अधू कोंची ती."

मी म्हणाले, "मामा, आपल्या गल्लीत लांडगे नाहीत." आसपासच्या बायका हसल्या. तुम्हीही हसलात. तुमचे वाक्य मी एक गमतीदार लोकज्ञान म्हणून ऐकले आणि वहीत पुढचे घर लिहिले. लक्ष देऊन ऐका, असे वर्षानुवर्षे सांगणाऱ्या बाईंचे ऐकणे हे असे होते.

मग तो दिवस. उस्मानपुऱ्यातल्या माझ्या शाळेत परीक्षेचे काम होते, म्हणून मला यायला उशीर झाला. पोहोचले तेव्हा टँकर गल्लीच्या टोकाला, नाल्याजवळ उभा होता. तुम्ही शेवटच्या दहा घरांची टिपाडे आधी भरून घेतली होती. पहिल्या घरांचे लोक रिकाम्या टिपाडांपाशी चिडून उभे होते. मला कळले की गेल्या खेपेलाही तुम्ही हेच केले होते. तेव्हाही मी शाळेत होते.

"मामा, क्रम का बदललात?"

तुम्ही पाईप पुढच्या टिपाडात घातलात.

"कारण सांगा. कारण योग्य असेल तर मी वहीत लिहीन."

"कारण हाय, बाई. पर लिवायचं नाय त्ये."

मागून कोणीतरी म्हणाले, "नाल्याकडून चहापाणी सुटलं वाटतं मामाचं!" दुसऱ्याने भर घातली, "राखणदारच पाणी इकायला लागला, मग काय!" माझ्याकडे ते थांबवायला वेळ होता, अधिकारही होता. माझ्या हातात वही होती. चाळीस घरे माझ्याकडे पाहत होती. आणि मी ते चार शब्द बोलले.

त्या रात्रीपर्यंत थांबायचीही गरज नव्हती, मी उभ्या उभ्याच वहीत लाल शाईने लिहिले: "मामांनी क्रम मोडला. पाईप काढून घेतला." लाल शाई म्हणजे निकाल. लोकांनी तो निकाल वाचला. चहापाण्याचा संशय मी लिहिला नव्हता. पण माझ्या लाल ओळीखाली तो आपोआप खरा ठरला.

महिन्याभराने मी नाल्याकडच्या घरांची टिपाडे मोजायला गेले. भरपाईचा हिशेब बसवायचा होता. एक दार लोटलेले होते. मी हाक मारून आत पाऊल टाकले.

तिथे काय पाहिले, ते मी लिहिणार नाही. कोणते घर, तेही नाही. इतकेच लिहिते, की त्या घरात पाणी पिण्यासाठी कमी आणि लाज राखण्यासाठी जास्त लागत होते. दिवसातून तीन-चार वेळा लागत होते. आणि पुढच्या खेपेची भरपाई त्यांच्या कामाची नव्हती. त्या घरातल्या माणसाने माझे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. "बाई, कुणाला सांगू नका. मामांना ठावं हाय फकस्त. त्यांनी डोणीवर हात ठिवून शब्द दिलाय."

मी दारातून बाहेर आले तेव्हा तुम्ही डोणीत बादली ओतत होतात. तुम्ही मला त्या घरातून येताना पाहिलेत. काही विचारले नाहीत. मला तुमचा लांडगा तिथे, भर दुपारी समजला. दहा घरांना तुम्ही पाणी दिले होते ते एकासाठी. उरलेली नऊ अधू मेंढीसोबत घातलेली धडधाकट मेंढरे होती. आणि माळावरून पाहणारे कोण, हेही समजले. त्यांच्यातल्या एकीच्या हातात लाल पेन होते.

पुढच्या खेपेला मी पाईप तुमच्यापुढे धरला. तुम्ही मान हलवलीत. "नगं. आता मी धरला तर लोकं पुन्ना त्याच दहा घरांकडं बघतील." तेवढेच. रागाचा एक शब्द नाही. राग असता तर मी माफी मागू शकले असते, मामा. माफी मागायला समोरच्याचा राग लागतो.

मग मी जे केले ते सांगते. याची मला सर्वांत जास्त लाज वाटते. मी नवा नियम काढला: पाणी यापुढे नाल्याकडून सुरू होईल. कारण दिले, टँकर रिकामा होत जाईल तसा पाण्याचा जोर घटतो, आणि रस्त्याकडच्या घरांच्या टाक्या मोठ्या असल्याने त्यांच्याकडे साठा असतो. कारण खोटे नव्हते. फळ्यावर आकृती काढून मी ते समजावले. सर्वांना पटले. म्हणजे तुमचाच क्रम, मामा. फक्त तुमचे नाव खोडून त्यावर माझी आकृती. लोक त्याला "बाईंची पद्धत" म्हणू लागले. शेजारच्या वसाहतीने ती उचलली. पुढे पाऊस झाल्यावर समितीने मला शाल आणि श्रीफळ दिले. तुम्ही सतरंजीवर बसून टाळ्या वाजवत होतात. मी तुमच्याकडे पाहिले नाही.

कार्यक्रमानंतर तुम्ही म्हणालात, "बाई, मेंढराला कळत नाय, डोण कुणी भरली. त्येला पानी कळतं." तुम्ही मला माफ करत होतात की चिमटा काढत होतात, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

त्यानंतर अकरा वर्षे तुम्ही संध्याकाळी माझ्या पायरीवर बसलात. मी वर्तमानपत्र वाचून दाखवायची, तुम्ही टिप्पणी करायचात. नवा रस्ता, नवा पूल, नवी मोठी जलवाहिनी येणार म्हणून बातमी. "येऊ द्या," तुम्ही म्हणायचात, "आल्याबिगर भांडं नगा धुऊ." आपण न्याय म्हणजे काय यावर किती भांडलो! सारखे की पुरेसे, हा वाद आपण कधी संपवला नाही. पण त्या एका दुपारवर आपण कधी आलो नाही. तीनदा मी वाक्य जुळवले. तीनही वेळा तुम्ही उठलात, "चला, डोण भरायची हाय" म्हणून.

शेवटचे म्हणजे दवाखान्यात. तुमचा आवाज बसला होता. मी खुर्ची ओढून वाक्य तोंडाशी आणले. तेवढ्यात तुम्हीच विचारलेत, "बाई, ती वही हाय का आजून?"

"आहे."

"जपा. लई कष्टाची हाय."

मी म्हणाले, "हो." एवढेच म्हणाले.

म्हणून सुमनचा प्रश्न माझ्यावर असा आदळला. खरे सांगायचे तर त्या घराचे सांगावे लागणार. न सांगावे तर तुमच्या नावावरचा डाग तुमच्या नातवंडांपर्यंत जाणार. तुमचे नाव वाचवले तर तुमचा शब्द मोडतो. शब्द वाचवला तर नाव जाते. जणू पाणी एकच टिपाड होते आणि घरे दोन.

मी त्या घरी गेले. परवानगी मागितली. नकार मिळाला. हात जोडून, रडून, पण स्पष्ट नकार. तो त्यांचा हक्क आहे, असे मी म्हणाले, आणि घरी येऊन त्यांच्यावर खूप चिडले. मग तुमची आठवण आली आणि स्वतःवर चिडले.

सभा समाजमंदिरात चार वाजता होती. माझा क्रमांक चौथा. आधीच्या तिघांनी तुमच्या डोणीचे, शिळेचे, मुलांना केलेल्या गोफणींचे कौतुक केले. सुधाकरराव बोलताना "थोड्याफार चुका कोणाच्या होत नाहीत" असे म्हणालेच. सुमन पहिल्या रांगेत होती. ती फक्त माझ्याकडे पाहत होती.

मी वही घेऊन उभी राहिले. ते लाल अक्षरांचे पान उघडून मोठ्याने वाचले. मग म्हणाले, "ही नोंद चुकीची आहे. चूक माझी आहे. मामांनी पाणी विकले नाही, एक घोटही नाही. त्यांनी क्रम बदलला तो योग्य होता. पुढे ज्या पद्धतीसाठी तुम्ही मला शाल दिलीत, ती मामांची आहे. मला हे अकरा वर्षे माहीत आहे."

बसलेल्यांच्या माना एकमेकांकडे वळल्या.

सुधाकरराव म्हणाले, "बाई, तुमचा मोठेपणा आहे. पण क्रम बदलला कशासाठी? काही कारण असेल ना?"

"होते."

"मग सांगा की. लोकांच्या मनात राहायला नको."

"ते वहीत नाही."

मागून कोणीतरी हसले, "बाईंच्या वहीत नाय असं बी काय असतं व्हय?" बरेच जण हसले. मी वही मिटली. "असते," मी म्हणाले. "मी कारण विचारले तेव्हा मामा म्हणाले होते, लिहायचे नाही. मी तेव्हा ऐकले नाही. आज ऐकते आहे. ज्यांना माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा आहे त्यांनी ठेवावा. ज्यांना पुरावा हवा आहे, त्यांना तो मिळणार नाही."

ते घर सभेत आले होते, मामा. कुठे बसले होते ते मला माहीत होते. मी त्या दिशेला पाहिले नाही. पाहिले असते तर सगळ्यांनी पाहिले असते.

सर्वांना पटले का? नाही. दोघे-तिघे बाहेर पडताना कुजबुजत होते. सुधाकरराव माझा नमस्कार न घेताच चपला शोधू लागले. पण सुमन आली. माझ्या हातातली वही तिने मागितली, ते पान काढले, त्यावर तळवा ठेवला आणि परत दिली. "बास, बाई," ती म्हणाली. "मामांजी बी असंच बोलले असते. म्हंजे, नसतेच बोलले."

घरी आल्यावर मी ती नोंद दुरुस्त केली. मुलांना मी नेहमी सांगत असे, की चूक खोडून काळी करायची नाही, पुसायची तर मुळीच नाही. तिच्यावरून एकच रेघ मारायची, म्हणजे चूक वाचता येते, आणि खाली बरोबर काय ते लिहायचे. मी एक रेघ मारली. खाली लिहिले: "क्रम बरोबर होता. बाई चुकल्या."

आज पहाटे उजाडल्यावर मी बादली घेऊन तुमच्या डोणीपाशी गेले. तुम्ही दवाखान्यात गेल्यापासून ती कोरडी होती, तळाला पाने आणि धूळ साचली होती. आता ती घासूनपुसून स्वच्छ होती आणि काठोकाठ भरलेली होती. एक गाय पीत होती. डोणीपासून गल्लीत पाण्याच्या थेंबांची ओली रेघ गेली होती. कोणीतरी भरलेली घागर कडेवर घेऊन दोन-चार खेपा केल्या असाव्यात. रेघ सरळ एका दाराकडे जात होती. थोड्या वेळात लोक दूध आणायला बाहेर पडले असते.

मी माझी बादली उचलली आणि गल्लीभर सडा घातला. नाल्यापासून सुरुवात केली आणि दहाही दारांपुढे घातला. आयुष्यात पहिल्यांदा मी एक रेघ पुसली, मामा. शीळ मात्र मला घालता येत नाही. गाय तशीच प्यायली.